नाचायला विचारावं कसं?

प्रश्न : ताई, मी सहा महिने साल्सा शिकतोय. गेल्या सोशलला, म्हणजे साल्साच्या नाचपार्टीला, एकीला नाचायला विचारलं. “दमलेय” म्हणाली, आणि त्याच गाण्यावर दुसऱ्याबरोबर नाचली! फार लागलं मनाला. माझं काय चुकलं ते तिला विचारू का? टँगोला गेलो, तर तिथं कुणी कुणाला विचारतच नाही, जोड्या मात्र जमतात. मी तासभर भिंतीशी उभा. – एक वाचक

उत्तर : तिला जाब विचारू नका. नकाराला कारण द्यावं लागत नाही, आणि ते मागायचंही नसतं. चूक तिची झाली. एकाला नाही म्हटलं की ते गाणं आपणही बसून काढायचं, ही नाचणाऱ्यांमधली जुनी रीत आहे. मीही ती एकदा मोडली होती. “पाय दुखतोय” असं एकाला सांगितलं आणि आवडतं गाणं लागताच मैत्रिणीच्या भावाबरोबर उठले. फ्लोअरवरून त्या माणसाचा चेहरा दिसला, तो अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हापासून मी नुसतं “आत्ता नको, धन्यवाद” म्हणते. खोटं कारण जोडत नाही.

आता तुमच्या बाजूचं. विचारताना समोर या, नजर मिळू द्या, मग “नाचायचं?” म्हणून तळहात वर करून हात पुढे करा. थेट मनगट धरून ओढायचं नाही; समोरच्याला नाही म्हणायला जागा उरली पाहिजे. कुणी बूट बदलत असेल, पाणी पीत असेल, तर थांबा. साल्सात साधारणपणे एका गाण्यापुरतीच जोडी असते, त्यामुळे नकार आला तरी तीन-चार मिनिटांत पुढचं गाणं लागतं. त्याच व्यक्तीला लगेच पुन्हा विचारू नका. दोनदा नकार आला की पुढच्या वेळी तिला विचारू द्या. हो, बायकांनीही विचारावं. मी विचारते.

टँगोत जोड्या जमतात त्या नजरेनं. अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्सच्या मिलोंगांमध्ये, म्हणजे टँगोच्या नाचपार्ट्यांमध्ये, रुळलेली ही पद्धत. दुरून बघायचं, त्याला ‘मिरादा’ म्हणतात. नजर टिकली तर हलकेच मान हलवायची, तो ‘काबेसेओ’. तिनंही मान हलवली की ठरलं. नाचायचं नसेल तर ती नजर वळवते, कुणाला कळतही नाही. म्हणून भिंतीशी अंधारात उभं राहू नका. जिथून चेहरे दिसतात आणि तुमचाही दिसतो, अशा उजेडाच्या जागी बसा, मोबाइल खिशात ठेवा. मान हलली की तुम्ही चालत तिच्या खुर्चीपर्यंत जायचं. ती तोवर बसूनच राहते, कारण होकार कदाचित मागच्या खुर्चीतल्या बाईनं दिलेला असतो! माझ्याच बाबतीत एकदा असं झालं. मी घाईनं उठले, आणि तो माझ्या शेजारून पुढे गेला.

तीन-चार गाण्यांचा एक ‘तांदा’ असतो. एकदा होकार दिला की तो पुरा करायचा. मध्येच “धन्यवाद” म्हणू नका हं, त्याचा अर्थ ‘आता पुरे’ असा होतो. मग ‘कोर्तिना’ वाजते, म्हणजे वेगळ्याच संगीताचा छोटा तुकडा. तेव्हा फ्लोअर रिकामा होतो, तुम्ही तिला जागेपर्यंत सोडायचं, आणि सगळ्या नजरा पुन्हा फिरू लागतात. पुढच्या वेळी कोर्तिना संपताना मान वर ठेवा.