मुलीसाठी तानपुरा घ्यायचाय, पण हाड-शिंग नको आणि कारागिराला योग्य दाम मिळायला हवा. कुठे घ्यावा?

सोबत तुम्ही असंही विचारलंय की यापेक्षा मोबाइलवरचं तानपुऱ्याचं ॲप बरं का. रोजच्या रियाजाला ॲप चालतं, पण ऐपत असेल तर खरा तानपुरा घ्या आणि त्यासाठी मिरजेला जा.

माझा पहिला तानपुरा मी शहरातल्या एका दुकानातून घेतला. कुणी घडवला विचारलं, तर ‘आमचाच माल’ एवढंच उत्तर. दोन पावसाळ्यांत तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी झाकणफळी, भोपळ्यापासून सुटली. शेवटी तो मिरजेला सतारमेकर गल्लीत नेला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांनी तबली बसवली, घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो तुकडा) कानसेने हळूहळू घासली, मग तारेखालचा दोरा नखाने केसभर सरकवला. इतका वेळ बद्द वाजणारा षड्ज, म्हणजे सा, एकदम खुलला! एवढ्या कामाचे त्यांनी इतके थोडे पैसे सांगितले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. तेव्हापासून मी तिथे घासाघीस करत नाही, तुम्हीही करू नका. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पण दुकानदारांनी भाव पाडून मागितला, तर घडवणाऱ्याच्या हातात त्यातलं काय येणार?

भोपळ्याची काळजी नको. तो शेतातच पिकतो, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. दांडी आणि तबली बहुधा तुणीच्या लाकडाची असते.

विचारायचं ते घोडीबद्दल. पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग सर्रास वापरायचे. आज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली दोन्हींचा व्यापार बंद आहे. ‘शिंग आपोआप गळून पडलेलं आहे’ असं कुणी सांगितलं तरी भुलू नका, तेही विकता येत नाही. हाडाची घोडीही दाखवतील. तुम्हाला ती नकोय, तर शिसवीची किंवा फायबरची मागा. जवारी लावणारा, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासून दोरा जुळवणारा, हात चांगला असेल तर शिसवीची घोडीसुद्धा गोड बोलते, हे मी रोज ऐकते.

कुणाच्या माळ्यावर जुना तानपुरा धूळ खात पडला असेल, तर आधी तो बघा. दुरुस्तीचं काम कारागिरालाच मिळतं आणि नवं लाकूडही लागत नाही. फक्त त्यात हस्तिदंत नाही ना, ते जाणकाराला दाखवून घ्या.

निघण्याआधी मुलीच्या गुरूंना तिची पट्टी, म्हणजे ती कोणत्या सुराला सा धरून गाते ते, विचारा. पेटीवरची काळी चार की काळी पाच, त्यावर लांबी आणि तारा ठरतात. मुलीलाही सोबत न्या. मांडीवर घेऊन बघितल्याशिवाय माप कळत नाही.