वाचक विचारतात : रॅपमध्ये थोर कोण, आणि ते ठरवायचं कसं?

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये केंड्रिक लमार की एमिनेम यावरून रोज वाद होतो. एक बाजू यमकं मोजते, दुसरी पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार पुढे करते. निकाल कसा लावायचा? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : केंड्रिकला 2018 साली 'डॅम' या अल्बमसाठी पुलित्झर मिळालं. शास्त्रीय संगीत आणि जॅझ सोडून दुसऱ्या संगीताला ते तेव्हा पहिल्यांदाच मिळालं, हा मान मोठाच. पण ओळ कशी बांधली आहे हे पुरस्कारावरून कळत नाही. त्यासाठी आवडत्या गाण्याचे चार बार कागदावर उतरवा. एका बारमध्ये चार ठोके असतात. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले की सोळा घरं होतात. तबला ऐकणाऱ्यांनी सरळ तीनतालाच्या मात्रा आखाव्यात. प्रत्येक अक्षर ज्या घरात पडतं तिथे लिहा आणि जुळणाऱ्या स्वरांना (म्हणजे अ, आ, इ यांना, सा-रे-ग नव्हे) एकच रंग द्या.

नवशिक्याच्या कागदावर रंग फक्त तेराव्या घराच्या आसपास दिसतो, म्हणजे चौथ्या ठोक्यावर. आधीच्या पिढीतला रॅपर राकिम, त्याचं काही उतरवून पाहा. 1987 च्या 'पेड इन फुल' अल्बममध्ये रंग ओळीच्या पोटात पसरलेले सापडतील, आणि वाक्य बारच्या हद्दीवर न थांबता पुढच्या बारमध्ये शिरलेलं दिसेल. तो सॅक्सोफोन वाजवायचा, जॅझमधला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन ऐकायचा. त्या वाद्याची वाक्यं त्याच्या शब्दांत उतरली. ग्वाल्हेर घराण्याची बोलबांट ज्यांच्या कानात आहे, त्यांना ही गंमत लगेच कळेल: शब्द तेच, पण ते लयीत कुठे टाकले यात सगळी कला.

यानंतर एकाच जातीची गाणी समोरासमोर ठेवा. एमिनेमचं भांडणाचं गाणं आणि केंड्रिकचं चिंतनाचं गाणं घेऊन वाद घातला, तर तो कधीच मिटणार नाही. दुसऱ्याच्या तोंडून बोलणारी गाणी दोघांकडे आहेत. एमिनेमच्या 'स्टॅन'मध्ये (2000) एका चाहत्याची तीन कडवी आहेत, त्यातलं तिसरं धावत्या गाडीत कॅसेटवर बोललेलं, आणि चौथं कडवं म्हणजे एमिनेमचं उशिरा निघालेलं उत्तर. इथे यमक मुद्दाम मागे ठेवलंय, म्हणून वाढत जाणारा संताप खरा वाटतो. केंड्रिकच्या 'सिंग अबाउट मी, आय'म डाइंग ऑफ थर्स्ट'मध्ये (2012) पहिल्या कडव्यात बोलणारा माणूस गोळीबारात वाक्याच्या मधेच तुटतो. दुसऱ्या कडव्यातली बाई 'मी विरून जाणार नाही' असं बजावत राहते आणि तिचा आवाज हळूहळू कमी होत जातो. ती ओळ नुसती वाचून अर्धीच कळते. आवाजाची पातळी हाही तिथे लेखनाचाच भाग आहे.

आमचं मत विचाराल तर स्वरावर स्वर रचण्यात एमिनेम पुढे आहे. स्वर वाकवून तो न जुळणारे शब्दही जुळवतो. अख्ख्या अल्बमची रचना करण्यात मात्र केंड्रिकच वरचढ. 'डॅम' उलट्या क्रमानेही ऐकता येतो. तशी आवृत्ती त्याने स्वतःच काढली. पण थोरांच्या यादीत आम्ही राकिमला दोघांच्याही आधी धरू, कारण ओळीच्या पोटातलं यमक ज्या वाटेने पुढे या दोघांपर्यंत आलं, ती वाट त्याने रुंद केली. आपल्याकडे ओवी ज्ञानेशाची आणि आर्या मयूरपंताची म्हणतात. कोण कशात थोर, ते त्याच्या घाटावरून ठरतं. तोच न्याय इथे लावावा.

प्रश्न : जो जास्त वेगाने म्हणतो तो जास्त कसबी का? (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : वेग हे कसबच आहे, पण कसबाचा एक भाग. एमिनेमच्या 'रॅप गॉड'मध्ये (2013) 6 मिनिटं 4 सेकंदांत 1,560 शब्द आहेत, त्याचा गिनेस विक्रम झाला. सरासरी सेकंदाला सव्वाचार शब्द. मोरोपंतांनी ओष्ठ्य अक्षरं, म्हणजे ओठ मिटून उच्चारायची प, ब, म यांसारखी, टाळून 'निरोष्ठ रामायण' लिहिलं, त्या जातीचा हा पराक्रम. पारखायचं असेल तर गाणं पाऊणपट वेगाने लावा. जोडाक्षरं गिळली आहेत का, अक्षरं अजून घरांवरच पडतात का, आणि अर्थ पुढे सरकतो की नुसती शब्दांची रास आहे, हे लगेच उघडं पडतं.

प्रश्न : ओळी दुसऱ्याने लिहिल्या असतील तर? (इंदूर)

उत्तर : मग म्हणण्याचे गुण द्या, लेखनाचे नको. 1979 च्या 'रॅपर्स डिलाइट'मध्ये बिग बँक हँक या रॅपरने ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्या रॅपरच्या ओळी घेतल्या, आणि त्यात आलेलं 'कॅसानोव्हा' हे कॅझचं टोपणनावसुद्धा अक्षरं फोडून तसंच म्हटलं. गाणं ऐतिहासिक आहेच, पण त्या कडव्याच्या लेखनाचं श्रेय कॅझचं.

प्रश्न : मराठीत सोळा बार लिहितो, पण यमक बालगीतासारखं वाटतं. काय चुकतं? (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून यमकही त्याच्यावरच पडतं. 'रात्री सराफ्यात जातो, भुट्ट्याचा कीस खातो' यात यमक व्याकरणाने फुकट दिलंय. जातो-खातो-येतो-घेतो असं कितीही लांबवता येतं, म्हणून ऐकणाऱ्याला पुढचा शब्द आधीच कळतो. क्रियापद आत ढकला किंवा गाळा, आणि नाम शेवटी आणा. 'सराफ्याची रात, घराण्याची बात' म्हणून पाहा: स-घ, रा-रा, फ्या-ण्या, ची-ची, रात-बात. पाचही अक्षरांचे स्वर जुळतात, आणि 'सराफ्या' ऐकून 'घराण्या' कोणाच्या मनात येत नाही.

सुरुवात 90 बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला 90 ठोक्यांवर करा. एक बार 2.67 सेकंदांचा, म्हणजे सोळा बार साधारण 43 सेकंदांत होतात. बारला नऊ ते बारा अक्षरं पुरे. सोळाही घरं भरली तर सेकंदाला सहा अक्षरं होतात, आणि श्वासाला जागाच उरत नाही. मग आठव्या बारनंतर माणूस ठोक्याच्या मागे पडतो. दर दुसऱ्या बारच्या शेवटी दोन घरं रिकामी सोडा, तेवढ्या एकतृतीयांश सेकंदात छोटा श्वास घेता येतो. रेकॉर्ड करताना तोंड माइकपासून अंदाजे 15 सेंटिमीटरवर आणि किंचित तिरकं ठेवा, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे हवा अडवणारी जाळी लावा. नाहीतर प, फ आणि भच्या हवेचा धक्का माइकला बसतो, आणि तो 'धप्प' आवाज नंतर काढताना अक्षरही पातळ होतं.