पहिल्याच मीटिंगला ओळखीचं कोणी भेटलं तर?

प्रश्न : दादा, नमस्कार. मिस्टरांचं वय ४४, बारा वर्षं दारू चालू आहे, आता तर उठल्या उठल्या लागते, नाही घेतली की हात थरथरतात. गेल्या महिन्यात मुलीसमोर रडले, म्हणाले मला यातून सुटायचंय. कोणीतरी एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगचं सुचवलं पण आमचं तालुक्याचं गाव, सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथं ओळखीचं कोणी भेटलं तर तोंड कुठं लपवू, असं म्हणतात. मीटिंग शोधायची कशी, खर्च किती, मी सोबत गेले तर चालेल का? आणि एक जण म्हणतो दारू सुटायची गोळी चहातून द्या, ती देऊ का?
— एक ताई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, गोळी अजिबात देऊ नका. अशी गोळी बहुतेक डायसल्फिरामची असते, ती पोटात असताना वर दारू गेली की उलट्या, धडधड, बीपी खाली, जीवसुद्धा जाऊ शकतो. ती घेणाऱ्याला माहीत असतानाच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. दुसरं, सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीराला सवय लागलीय, अशा माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, म्हणून आधी सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखवा. औषधं चालू असतानाही मीटिंगला जाता येतं, एकाच्या नादात दुसरं थांबवू नका.

आता ओळखीचं. मीसुद्धा हीच भीती घेऊन पहिल्या दिवशी मीटिंग भरायची त्या शाळेच्या गेटवरनं तीनदा पुढं गेलो होतो. शेवटी आत शिरलो तर समोर आमच्याच गल्लीतले एक काका, ज्यांच्याकडं आम्ही वर्षानुवर्षं कपडे शिवायला टाकायचो! ते काहीच बोलले नाहीत, बाकावर सरकून जागा केली आणि चहा आणून दिला, कप अर्धाच भरलेला. पूर्ण भरला असता तर माझ्या हातून सांडला असता हे त्यांना न सांगता कळलं होतं, कारण त्यांचेही हात कधीतरी तसेच थरथरले होते. मिस्टरांना एवढंच सांगा की तिथं जो दिसेल तोही त्याच कारणानं आलेला असेल. आणि खरं सांगू का, दारूचं गावाला आधीच माहीत असतं हो, माहीत नसतं ते फक्त सोडायचं चाललंय हे.

आत काय होतं? साधारण तास-दीड तास लोक आपापलं सांगतात, त्याला शेअरिंग म्हणतात, मध्ये कोणी टोकत नाही, उपदेश देत नाही. आपण नुसतं ऐकलं तरी चालतं. फक्त पहिलं नाव सांगायचं. फी नाही, शेवटी एक पिशवी फिरते, त्यात ज्याला जमेल तो टाकतो, नवीन माणसानं नाही टाकलं तरी कोणी बघत नाही. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारूनं पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले तिथनं हे सुरू झालं आणि आजही गाभा तोच आहे, पिणाऱ्याचं पिणाऱ्याला कळतं. प्रार्थना असते पण धर्म कुठला ते कोणी विचारत नाही.

शोधायचं म्हणजे एएच्या भारतातल्या वेबसाइटवर बघा, किंवा सरकारी नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर जवळच्या उपचार केंद्राची चौकशी करा, तिथल्या समुपदेशकांना बहुतेक वेळा मीटिंगची माहिती असते. मराठीत चालते का तेही विचारा. गावात नसेल तर सातारा, पुणे, नाहीतर मोबाइलवर ऑनलाइन. अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. पण एएला फोन शक्यतो मिस्टरांनाच लावू द्या, पलीकडनं एखादा दारू सोडलेला माणूस दहा मिनिटं बोलला की निम्मी भीती जाते, असं मी कितीदा पाहिलंय.

तुम्ही ओपन मीटिंगला बसू शकता, क्लोज्डला फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय ते. पण ताई, तुमच्यासाठी वेगळी जागा आहे, अल-अनॉन, घरच्यांची. बारा वर्षं बाटल्या शोधणं, नातेवाइकांसमोर खोटं बोलणं, रात्री दाराकडं कान लावून बसणं, याचा तुमच्या जिवावर काय परिणाम झाला असेल ते पत्रात कुठंच नाही, तुम्ही सगळं त्यांच्याबद्दलच लिहिलंय. ते गेले नाहीत तरी तुम्ही जा. ते पितात ही तुमची चूक नाही हे तिथल्या बायकांच्या तोंडून ऐका, माझ्या सांगण्यानं पटणार नाही.

प्रश्न : ४० दिवस रोज मीटिंग केली, मग मित्राच्या लग्नात प्यायलो. आता तोंड दाखवायची लाज वाटते.
— एक तरुण, नाशिक

उत्तर : मित्रा, त्या हॉलमधल्या कितीतरी जणांचं असंच झालंय, माझं दोनदा झालंय. सभासद व्हायला तिथं एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा, आणि ती तुझ्यात आहे म्हणून तर पत्र लिहिलंस. उद्यावर टाकू नकोस, आजच स्पॉन्सरला, म्हणजे तुला वाट दाखवणाऱ्या जुन्या सभासदाला, फोन कर, आणि संध्याकाळी हात वर करून सांग की मी घसरलो, आज माझा पहिला दिवस आहे. टाळ्या वाजतील बघ.