अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका : ‘अधि’ गेला म्हणजे पद उतरले का?

नागपूरच्या मानेवाड्यातून एका वाचकाने विचारले आहे : ‘माझी वहिनी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका होती, आता परिसेविका झाली. घरी संत्रा बर्फी वाटली, पण आमचे काका म्हणतात, अधि काढून घेतला, मग बढती कसली? शिवाय १२ मेच्या परिचारिका दिनाला तिला नेतृत्व आणि व्यवस्थापनाची तत्त्वे या विषयावर मराठीतून बोलायचे आहे. शिक्षण सगळे इंग्रजीत झाल्यामुळे शब्द अडतात. आणि तिच्या वॉर्डातले ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, उद्या या पदावर आले, तर त्यांना परिसेवक म्हणायचे का?’

काकांना बर्फीचा आणखी एक तुकडा द्या, कारण त्यांचा तर्क वाटतो तितका वेडगळ नाही. अधीक्षक, अधिष्ठाता, अधिकारी या सगळ्यांत ‘अधि’ वरच बसलेला आहे. मेडिकल कॉलेजचा सर्वोच्च माणूस अधिष्ठाताच. त्यामुळे अधि दिसला की वरचा आणि गेला की खालचा, असे कोणालाही वाटेल. पण आपल्या शासकीय रुग्णालयांतली चढती भाजणी अशी आहे : अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका, मग सहायक अधिसेविका आणि त्यावर अधिसेविका. बोलण्यात यांनाच आपण स्टाफ नर्स, इन्चार्ज सिस्टर, असिस्टंट मेट्रन आणि मेट्रन म्हणतो. वहिनी एक पायरी चढली आहे, यात शंका नको.

मग पहिल्याच पायरीवर अधि कसा? माझे मत असे की उपसर्गाची तुलना त्याच्या स्वतःच्या मूळ शब्दाशी करावी, शेजारच्या शब्दाशी नाही. अधिपरिचारिका ही नुसत्या परिचारिकेपेक्षा अधिक आणि मूळ ‘सेविका’च असल्यामुळे अधिसेविका ही परिसेविकेपेक्षा वरची. अधि म्हणजे दरवेळी ‘डोक्यावर’ असे नसते, ‘जास्तीचा’ असाही त्याचा अर्थ होतो. अधिमास हा इतर महिन्यांचा साहेब नसतो आणि अधिभार म्हणजे बिलावरची जादा आकारणी. अधिपरिचारिका आणि परिसेविका यांचे मूळ शब्दच वेगळे, तेव्हा त्यांना समोरासमोर उभे करून अधि मोजण्यात अर्थ नाही. मात्र यावरून ‘सेविका म्हणजे वरचे पद’ असा नियमही करू नका. उपकेंद्रात गावोगाव फिरणारी आरोग्यसेविका आणि मुलांना सांभाळणारी अंगणवाडी सेविका तो नियम लगेच मोडतील. पदनामे शासन निर्णयातून येतात, व्याकरणातून नाही.

मला यात खरा रस आहे तो ‘परि’मध्ये. परि म्हणजे भोवताली, चहूकडून. परिक्रमा, परिसर, परिघ. परिचारिकेतला ‘चर्’ म्हणजे चालणे, म्हणून परिचर्या म्हणजे रुग्णाभोवती वावरणे. नोंदणी करणाऱ्या आपल्या परिषदेचे नावही महाराष्ट्र परिचर्या परिषद असेच आहे. इंग्रजी सुपरव्हिजनमधला सुपर वरून पाहतो. मराठीने त्यासाठी जो शब्द घेतला तो पर्यवेक्षण : परि, अव आणि ईक्षण. म्हणजे भोवती फिरून, वाकून पाहणे. दहावीच्या परीक्षेत वर्गात फेऱ्या मारणारे पर्यवेक्षक सगळ्यांना आठवत असतील. अधीक्षकाने कार्यालयात बसून पाहिले तरी शब्दाची तक्रार नसते, परिसेविकेला मात्र तिच्या उपसर्गानेच फिरायला लावले आहे. वहिनीच्या भाषणाला सुरुवात हवी असेल, तर ही घ्या.

आता भाषणाच्या शब्दांकडे. ‘नेतृत्व’ शब्द शुद्ध आहे, ‘नी’ म्हणजे नेणे यावरून आला आहे, पण हिवाळी अधिवेशनाच्या गावात नेता म्हटले की डोळ्यांसमोर काय येते ते मी सांगायला नको. ‘व्यवस्थापन’ही चालेल. तरी वॉर्डात या दोन्हींसाठी एकच क्रियापद रोज वापरले जाते : सांभाळणे. ‘पाच नंबर कोण सांभाळून राहिलं सध्या?’ या प्रश्नात औषधांचा इंडेंट म्हणजे मागणीपत्र, चादरींचा हिशोब, नातेवाइकांची गर्दी, रडणारी नवी मुलगी आणि चिडलेला निवासी डॉक्टर सगळे येते. दुकान चालवतात आणि घर सांभाळतात. वॉर्ड कुठे चालवतात, कुठे सांभाळतात, ते कान देऊन ऐकले तर इन्चार्ज सिस्टरचा स्वभाव कळतो. दोन शब्दांत फरक दाखवायचाच असेल, तर नागपूरचा मे महिना घ्या. उष्माघाताच्या रुग्णांसाठी कोल्ड वॉर्ड उघडतो, तेव्हा खाटा, कूलर, बर्फ, सलाइन यांची तजवीज हे व्यवस्थापन. आधीच माणसे अपुरी असलेल्या वॉर्डांतून त्यासाठी सिस्टर मागून घेणे, आणि ज्यांना पाठवले त्यांनी कुरकुर न करता जाणे, हे नेतृत्व.

दुसरे क्रियापद त्याहून बोलके : लागणे. ‘मला परत नाइट लागली न बाप्पा!’ ड्युटी लागते, जशी उचकी लागते. कोणी लावली, याचा वाक्यात पत्ताच नाही. हे कर्तरि-कर्मणिच्या पलीकडचे मराठी कसब आहे आणि ज्याला ड्युटी लिस्ट करायची असते त्याला ते फार सोयीचे पडते. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सांगतात की शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, सामान्य रुग्णालयात पाचांमागे एक आणि रजेवर गेलेल्यांची जागा भरायला वर ३० टक्के राखीव. प्रत्यक्ष वॉर्डात हे गणित जुळत नाही, तेव्हा सुट्टी कोणाची कापायची हे कोणीतरी ठरवतेच. परिसेविकेने ‘ड्युटी लागली’ न म्हणता ‘ड्युटी मी लावली, आणि अशासाठी लावली’ असे म्हणावे. लागणेचे लावणे करण्यात कर्ता वाक्यात येतो. भाषणात पारदर्शकता वगैरे शब्द घालण्यापेक्षा हे उदाहरण द्यावे.

डेलिगेशनला, म्हणजे आपल्याकडचे काम दुसऱ्याला देण्याला, काय म्हणायचे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण भाषणात ते येणारच. सरकारी मराठीत ‘अधिकारांचे प्रत्यायोजन’ असते आणि ते कागदावर ठीक आहे. पण प्रत्यायोजन अधिकारांचे होते. कामासाठी आपल्याकडे उत्तम मराठी क्रियापदे आहेत आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. काम सांगणे यात हुकूम आहे, काम लावणे यात थोडी शिक्षा, काम ढकलणे यात चुकवेगिरी आणि सोपवणे यात विश्वास. नर्सिंगच्या पुस्तकांत सोपवण्याची पाच पथ्ये दिलेली असतात : काम योग्य हवे, परिस्थिती योग्य, माणूस योग्य, सूचना योग्य आणि नंतरची देखरेख योग्य. मावशींना रुग्णाचे अंग पुसायला सांगणे ठीक, पण इंजेक्शन भरायला सांगितले की पहिलेच पथ्य तुटते. सोपवणे आणि ढकलणे यांत शेवटच्या पथ्याचा फरक आहे : ढकलणारा मागे वळून पाहत नाही.

याच ठिकाणी पुस्तके रिस्पॉन्सिबिलिटी आणि अकाउंटेबिलिटी असा भेद करतात आणि मराठी भाषांतरकार एकाला जबाबदारी, दुसऱ्याला उत्तरदायित्व म्हणून मोकळा होतो. गंमत अशी की हे दोन्ही शब्द एकच आहेत. जबाब म्हणजे उत्तर. एक फारसी अंगरखा, एक संस्कृत उपरणे, आत माणूस तोच. श्रोत्यांना भेद कळणार कसा? वहिनीने सरळ ‘काम’ आणि ‘जाब’ हे शब्द वापरावेत. ड्रेसिंगचे काम ज्युनिअर सिस्टरला सोपवता येते. जखम चिघळली तर ड्रेसिंग करणारीला तिच्या हाताचा जाब द्यावा लागेल, पण ते काम तिला का दिले आणि नंतर पाहिले का नाही, हा जाब परिसेविकेचाच. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९च्या पुस्तकात किरकोळ व्यवस्थापनावर आख्खे प्रकरण लिहिले आहे आणि त्याचा गाभा हाच : आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही होईल, अशी तजवीज करून जाणे. १२ मे हा तिचाच जन्मदिवस, त्यामुळे हा उल्लेख तिथे शोभेलही.

व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री फेयॉलची १९१६ची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे भाषणात सगळी वाचून दाखवू नयेत, श्रोत्या रात्रपाळी करून आलेल्या असतील. एक मात्र घ्यावे : एका माणसाला एकाच वरिष्ठाचा हुकूम. वॉर्डात ते तंतोतंत पाळता येत नाही. उपचाराची ऑर्डर डॉक्टरांची, ड्युटी परिसेविकेची. मराठी वॉर्डबोलीने ही वाटणी आपसूक केली आहे. ‘ऑर्डर’ म्हटले की फाइलवरची डॉक्टरांचीच, सिस्टरच्या सांगण्याला कोणी ऑर्डर म्हणत नाही.

राहिले ब्रदर. अधिपरिचारक हा शब्द वापरात आहे आणि चांगला आहे. परिसेवक, अधिसेवक व्याकरणात चोख बसतात. अडचण कानाची आहे. रुग्णालयात कक्षसेवक म्हणजे वॉर्डबॉय, त्यामुळे ‘सेवक’ ऐकले की मन तिकडे जाते, आणि ‘सेविका’ला ती छटा तितकी नाही. एकाच शब्दाच्या पुल्लिंगाने पत घसरावी असे मराठीत क्वचितच घडते! नागपुरातच मिहानच्या एम्समध्ये स्टाफ नर्सला नर्सिंग ऑफिसर म्हणतात. तिथे लिंगाचा प्रश्न उरत नाही, पण ‘परि’ही उरत नाही. मला विचाराल तर परिसेवक रूढ करावा, वापराने सवय होते. नाही तरी ‘सिस्टर’चे काय झाले पाहा. विलायतेत वॉर्डप्रमुख बाईलाच सिस्टर म्हणत. आपण तो मान सरसकट वाटून टाकला आणि मग प्रमुख ओळखू यावी म्हणून पुढे ‘इन्चार्ज’ जोडावे लागले. ‘मेट्रन’च्या मुळाशी लॅटिनमधली आई आहे. सिस्टर, ब्रदर, मावशी, मामा आणि वर ही आई : आख्खे गणगोत गोळा केलेले खाते दुसरे नसेल.

अभिनंदनाचा फलक करणार असाल तर मजकूर ‘परिसेविकापदी पदोन्नती झाल्याबद्दल’ असा ठेवा. रि ऱ्हस्वच हवी. फ्लेक्सवाले हमखास ‘परीसेविका’ छापतात, आणि मग काका विचारतील, परी कोण?