टायरच बदलायला लावतात, मुलाने नोकरी सोडावी का?

प्रश्न: माझ्या मुलाने यंत्रदुरुस्तीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चांगल्या गुणांनी पूर्ण केला. तीन महिन्यांपासून तो माल उचलणाऱ्या इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टच्या सर्व्हिसिंगमध्ये उमेदवारी करतो आहे, पण त्याला सारखे ड्राइव्ह टायरच, म्हणजे मशीन चालवणाऱ्या चाकांचे टायर, बदलायला लावतात. पंक्चरवाल्याचं काम करायला एवढा शिकला का? त्याने दुसरीकडे बघावं का? – एक आई

उत्तर: ताई, तुमची घालमेल समजते. पण इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टचे टायर बहुतेक भरीव रबराचे असतात, तिथे पंक्चर काढायचा प्रश्नच येत नाही. मुलगा तिथे राहावा की नाही, हे त्या ठिकाणी टायर कसा बदलतात यावर ठरवा. एकदा निवांत बसून त्याला विचारा.

पहिलं विचारा, मशीन उचलण्याआधी काय करता? त्याने सांगायला हवं: सपाट, पक्की जमीन, माल उतरवलेला, फोर्क (माल उचलणारे दोन काटे) खाली टेकवलेले, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. हे ठोकळे का, तेही त्याला माहीत असावं. ड्राइव्हची चाकं पुढे असतात आणि बहुतेक मशीनमध्ये पार्किंग ब्रेकही त्याच चाकांवर लागतो. ती हवेत गेली की ब्रेक असून नसल्यासारखा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे. मग मॅन्युअलने दाखवलेल्या जागीच जॅक लावायचा. दीड टन माल उचलणाऱ्या मशीनचं स्वतःचं वजन तीन टनांच्या घरात असतं, तिथे मोटारीचा जॅक चालत नाही. काही जण मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा, मागे झुकवून त्याच्या बाहेरच्या खांबांखाली लाकडी ठोकळे ठेवतात आणि मास्ट पुढे झुकवून पुढची चाकं उचलतात. मॅन्युअलमध्ये ही पद्धत दिली असेल तर ठीक, पण त्यासाठी बॅटरी चालू लागते. म्हणून आधी उचलायचं, चासीखाली, म्हणजे मशीनच्या मुख्य सांगाड्याखाली, टेकू द्यायचे आणि मगच बॅटरीचा कनेक्टर ओढायचा. तो ओढल्यावरही मोटरला वीज देणाऱ्या कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) काही वेळ चार्ज राहतो, त्यामुळे तिथे लगेच हात घालायचा नसतो.

नुसत्या जॅकच्या भरवशावर तिथे काम करत असतील, तर त्याने उद्यापासून जाऊ नये. दुसरी अशीच बाब हवेच्या टायरची. काही मशीनना दोन तुकड्यांची डिस्क (टायर चढतो ते लोखंडी चाक) आणि हवेचा टायर असतो. त्यातली सगळी हवा काढल्याशिवाय एकाही नटला पाना लावायचा नाही. चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, धरणारे नट वेगळे आणि डिस्कचे दोन तुकडे जोडणारे वेगळे. भरल्या हवेत चुकून दुसरे सोडले, तर डिस्क उडून माणूस जातो.

मग टायरचा आकार. 18×7-8 आणि 18×7×12⅛ हे दोन्ही 18 इंच व्यासाचे, 7 इंच रुंदीचे, तरी एकाच्या जागी दुसरा बसत नाही. पहिला 8 इंची रिमवर चढतो. दुसऱ्याच्या आत पोलादी पट्टी असते आणि तो 12⅛ इंचाच्या चाकावर प्रेसने दाबून बसवतात. प्रेसही शंभर टनांच्या आसपास ताकदीचा लागतो. पट्टी आणि चाक स्वच्छ करून, टायर अगदी सरळ ठेवून दाबायचा. जरा तिरका गेला की पट्टी फाटते, नाहीतर चाकाला तडा जातो. उलट फारसा जोर न लागता सरकन बसला, तर खूश व्हायचं कारण नाही, कारण पकड कमी आहे आणि कामावर तो बाहेर सरकत जाईल. चाक आणि टायर दोन्हींवर मिळून खडूची एक रेघ मारून ठेवली, तर घसरण लगेच कळते. गॅसची ज्योत लावून बसवणारे महाभागही असतात. त्या उष्णतेने रबर पट्टीपासून सुटतं.

एकच टायर झिजला तरी ड्राइव्हचे दोन्ही का बदलतात? दोन चाकांत 90 सेंमी अंतर धरा आणि एका बाजूचं रबर 1 सेंमी जास्त झिजलेलं. 4 मीटर उंचीवरचा माल त्यामुळे साडेचार सेंमी बाजूला झुकतो. हा हिशोब त्याला स्वतः मांडता आला, तर त्याचं शिक्षण वाया गेलेलं नाही.

शेवटी नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंच (किती जोर लागला ते मोजणारा पाना) लावून, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचे आणि काही तास मशीन चालल्यावर पुन्हा तपासायचे. नव्या डिस्कवर रंगाचा जाड थर असेल तर तो दबतो आणि नट ढिले पडतात.

यातलं बरंचसं त्याला सांगता आलं, तर निदान वर्षभर राहू द्या. नुसतं ‘उस्ताद सांगतात तसं करतो’ म्हणाला, तर त्याला आधी मॅन्युअल वाचायला मागू द्या. ते द्यायलाच नकार मिळाला, तर दुसरीकडे अर्ज सुरू करावेत.

आणि चाक उतरलेलं असताना पुढचं काम त्याने मागून घ्यावं. हबचं ऑइल सील गळतंय का, ब्रेकवर तेल आलंय का, टायर एकाच जागी सपाट घासला असेल तर तो जोरात ब्रेक मारल्याने की ब्रेक अडकल्याने, हे त्याने आपल्या वहीत मशीनच्या नंबरसह लिहावं. तीन महिन्यांनी ती वही सुपरवायझरपुढे ठेवून ब्रेक आणि ड्राइव्ह मोटरच्या कामावर घ्या, असं सांगावं.