वाचकांचे प्रश्न : चारही बाजूंनी टेकलेला स्लॅब

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात कार्यालयासाठी तीन मीटर रुंद व साडेचार मीटर लांब अशी स्वतंत्र खोली बांधली जात आहे. आराखड्यात स्लॅबच्या जास्त सळया आखूड बाजूने दाखवल्या आहेत. ठेकेदाराच्या मते लांब बाजूच्या सळईला जास्त अंतर पार करायचे असल्यामुळे जास्त स्टील तिकडे हवे. कमिटीतील निम्म्या सभासदांना हे पटले आहे. कोणाचे बरोबर?
– कमिटी सदस्य, बोरिवली

उत्तर : आराखडा बरोबर आहे. ठेकेदाराचा अंदाज सुट्या बीमला लागू पडतो. पण चारही बाजूंनी बीमवर टेकलेल्या स्लॅबमध्ये दोन्ही दिशा एकमेकींना बांधलेल्या असतात. खोलीच्या मध्यावर एकमेकांना छेदणाऱ्या, प्रत्येकी एक मीटर रुंदीच्या दोन पट्ट्या कल्पून पाहा. काँक्रीट एकच असल्यामुळे छेदाच्या ठिकाणी दोन्ही पट्ट्या सारख्याच खाली वाकल्या पाहिजेत. पट्टीचे वाकणे तिच्या लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दीडपट लांब पट्टी तेवढ्याच भाराखाली सुमारे पाचपट वाकेल; तेव्हा दोघींचे वाकणे सारखे राहायचे तर लांब पट्टीने आखूड पट्टीच्या एक पंचमांशच भार घ्यायला हवा. या हिशेबाने मध्यावरचा सुमारे 83 टक्के भार आखूड दिशेने जातो. रँकिन-ग्राशॉफ पद्धत म्हणतात ती हीच, आणि कोपरे उचलले जाण्यास मोकळे असलेल्या स्लॅबसाठी आयएस 456 : 2000 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात दिलेले गुणांक (भारावरून मोमेंट, म्हणजे स्लॅबला वाकवणारा जोर, काढण्याचे आकडे) याच गणिताशी जुळतात.

तुमच्या स्लॅबचे स्वतःचे वजन, वॉटरप्रूफिंग आणि गच्चीवरील वावर मिळून दर चौरस मीटरला 6 किलोन्यूटन (सुमारे 600 किलो वजनाइतका) भार धरू. सुरक्षेसाठी दीडपट केल्यावर तो 9 होतो. वरील गुणांकांनी, एक मीटर रुंदीच्या पट्टीत, आखूड दिशेचा मोमेंट सुमारे 8.4 किलोन्यूटन-मीटर आणि लांब दिशेचा 3.7 येतो. प्रत्यक्षात तुमचा स्लॅब बीमसोबत एकसंध ओतला जाणार असल्याने त्याचे कोपरे उचलले जाणार नाहीत. तेथे पीळ निर्माण होऊन तोही भाराचा काही वाटा पेलतो. पट्ट्यांच्या गणितात हा पीळ येतच नाही. चारही कडा असंतत (पलीकडे स्लॅब पुढे चालू नसलेल्या), परंतु कोपरे जखडलेले, या प्रकारासाठी त्याच मानकात 0.089 आणि 0.056 हे गुणांक दिले आहेत. त्यांनी हेच मोमेंट 7.2 आणि 4.5 होतात, म्हणजे आखूड दिशेचा भार हलका होतो आणि लांब दिशेचा थोडा वाढतो.

या सवलतीची किंमत कोपऱ्यात मोजावी लागते. चारही कोपऱ्यांत वर आणि खाली, दोन्ही दिशांना सळयांची जाळी हवी; ती कडेपासून आखूड बाजूच्या लांबीच्या एक पंचमांश, म्हणजे तुमच्याकडे 60 सेंटिमीटरपर्यंत यायला हवी, आणि तिच्या चारही थरांपैकी प्रत्येक थरात स्लॅबच्या मध्यावर लागणाऱ्या जास्तीत जास्त स्टीलच्या तीन चतुर्थांश स्टील असावे. काटकसरीच्या नावाखाली साइटवर सर्वांत आधी गाळली जाते ती हीच जाळी, म्हणून कमिटीने काँक्रीट ओतण्यापूर्वी ती स्वतः पाहावी. खालच्या थरात आखूड दिशेच्या सळया सर्वांत खाली आहेत ना, हेही त्याच वेळी तपासावे. त्या वर गेल्या तर ज्या दिशेला मोमेंट अधिक, तिचीच परिणामी खोली (स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागापासून सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर) सळईच्या जाडीएवढी घटते.

प्रश्न : हॉलच्या मधोमध अर्ध्या विटेची भिंत बांधून मुलांसाठी खोली करायची आहे. स्लॅब ‘दोन्ही दिशांचा’ असल्याने चालेल, असे गवंडी म्हणतात.
– वाचक, दादर

उत्तर : गवंड्याच्या शब्दावर भिंत उभारू नये. वर सांगितलेले गुणांक समान पसरलेल्या भारासाठी आहेत. प्लास्टरसह अर्ध्या विटेची, पावणेतीन मीटर उंचीची भिंत दर धावत्या मीटरला साधारण साडेसातशे किलो भरते. निवासी खोलीचा वावराचा भार मात्र दर चौरस मीटरला सुमारे 200 किलोच धरलेला असतो. एका रेषेत येणारा भार स्ट्रक्चरल इंजिनिअरने वेगळा तपासावा लागतो, आणि त्यासाठी स्लॅबची जाडी, आतील सळयांचे अंतर व त्यांच्या गंजाची अवस्था आधी कळायला हवी. समुद्राकाठच्या हवेत जुन्या इमारतींत हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक नसतो. माझ्या मते विटेचा आग्रहच सोडावा. जिप्सम बोर्डचे पार्टिशन वजनाला कितीतरी हलके असते; तरी तेही इंजिनिअरला दाखवूनच करावे.

प्रश्न : भार आखूड दिशेने जातो, तर आखूड बाजूच्या बीमवर जास्त भार का येत नाही?
– स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : कारण आखूड दिशेच्या पट्ट्यांची टोके लांब बाजूच्या बीमवर टेकतात. चारही कोपऱ्यांतून 45 अंशांच्या रेषा काढा. बोरिवलीच्या खोलीत आखूड बीमच्या वाट्याला प्रत्येकी 2.25 चौरस मीटरचा त्रिकोण येतो आणि लांब बीमच्या वाट्याला 4.5 चौरस मीटरचा समलंब चौकोन. स्लॅबचा दोन तृतीयांश भार अशा रीतीने लांब बीमवरच जातो.