अमेरिकेत बंदूक हातातून पडून आपोआप गोळी सुटली आणि कोणी जखमी झालं, तर कंपनीवर केस करता येते का?

हो, करता येते. बरेच जण २००५ च्या पीएलसीएए या बंदूक कंपन्यांना खटल्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं नाव घेऊन सांगतात की बंदूक कंपन्यांना हातच लावता येत नाही, पण ते अर्धवट आहे. तो कायदा कंपनीला वाचवतो ते मुख्यतः दुसऱ्या कोणी बंदुकीचा गुन्ह्यासाठी वापर केला तर. बंदूक नीट, नेहमीसारखी वापरत असताना डिझाईन किंवा बनावटीतल्या दोषामुळे इजा झाली तर कंपनीला हे संरक्षण मिळत नाही, तसा अपवाद त्या कायद्यातच दिलेला आहे. मात्र गोळी कोणी मुद्दाम गुन्हा म्हणून झाडली असेल तर दोष दाखवूनही उपयोग नाही, तिथे केस अडकते.

रेमिंग्टन ७०० रायफलचंच बघा ना, ट्रिगर न ओढता गोळी सुटते अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत्या, कंपनी नाकारत राहिली, शेवटी क्लास ॲक्शनमध्ये (अनेक ग्राहकांच्या वतीने केलेल्या एकत्रित खटल्यात) तडजोड झाली आणि ट्रिगर फुकट बदलून द्यायचं ठरलं. आणि गंमत म्हणजे टोस्टरवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला बंदुकीवर अधिकारच नाही, म्हणजे सदोष बंदुका बाजारातून परत मागव (रिकॉल कर) म्हणून तो कंपनीला सांगूच शकत नाही! त्यामुळे कोर्ट हाच खरा रस्ता.

एक मात्र करा, सुरक्षितपणे रिकामी करून घेतली की ती बंदूक खोलू नका, साफ करू नका, कंपनीला तर परत पाठवूच नका, आधी वकील गाठा. ट्रिगरमधला मळ, झिजलेला सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत बंदुकीचा घोडा अडवून ठेवणारा भाग) हाच तुमचा पुरावा असतो. केस करायची मुदत प्रत्येक राज्यात वेगळी असते, तेव्हा उशीर नको.